नाताळचे ट्रायफल : थर एकमेकांत का मिसळतात

आपल्या प्रश्नाचा सारांश मी आधी मांडते, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. इंग्लंडमधील हा आपला दुसरा नाताळ आहे, शेजारच्या वृद्ध दांपत्याने २५ डिसेंबरच्या दुपारच्या जेवणाला बोलावून ‘गोडाचे तेवढे तुम्ही आणा’ असे सांगितले आहे, माणसे दहा-बारा असतील, आणि सध्या आपल्याकडे मुक्कामाला आलेल्या सासूबाई अंडे खात नाहीत. गेल्या वर्षी ऑफिससाठी केलेल्या ट्रायफलचे, म्हणजे काचेच्या भांड्यात केक, फळे, कस्टर्ड आणि क्रीम एकावर एक रचून केलेल्या थंड गोडाचे, थर एकमेकांत मिसळून त्याचा गोपाळकाला झाला होता आणि तो का झाला हे आपल्याला अजून उमगलेले नाही.

मी गेली एकवीस वर्षे मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्य भागात, राहते. माझे पहिले ट्रायफलही असेच बिघडले होते, आणि आपले ज्या कारणाने बिघडले त्याच कारणाने बिघडले असावे. जेली घट्ट झाली होती, पण पाहुणे तासाभरात येणार म्हणून मी कस्टर्ड पातेल्यातून थेट तिच्यावर ओतले. काचेच्या भांड्याच्या बाजूने पाहिले तर लाल जेलीचे धागे पिवळ्या कस्टर्डात वर चढत होते, कस्टर्ड त्यांच्यामधून खाली उतरत होते, आणि केकचे तुकडे सुटून तिरके तरंगू लागले होते. जिलेटिनची जेली माणसाच्या अंगाच्या उष्णतेलाही विरघळते, म्हणून तर ती जिभेवर विरते. तिच्यावर वाफाळते कस्टर्ड पडल्यावर दुसरे काय होणार? गोव्याचा बेबिंका ज्यांनी घरी केला असेल त्यांना हे लगेच पटेल. तिथे एक थर भाजून झाल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही, आणि ट्रायफलमध्ये एक थर गार झाल्याशिवाय पुढचा घालता येत नाही. पाककृती म्हणून ट्रायफलमध्ये अवघड असे काहीच नाही. सगळे कौशल्य वाट पाहण्यात आहे.

गंमत अशी की ‘ट्रायफल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी क्षुल्लक गोष्ट असा होतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या नावाने जो पदार्थ होत असे तो म्हणजे साखर, आले आणि गुलाबपाणी घालून कोमट केलेली दाट साय, एवढेच. त्यात ना केक होता, ना फळे. अठराव्या शतकात वाइनमध्ये भिजवलेली बिस्किटे, त्यांवर कस्टर्ड आणि त्यावर वाइन घालून फेटलेल्या सायीचा फेस अशी रचना आली, जेलीही त्याच शतकात आली, आणि आज आपण ज्याला ट्रायफल म्हणतो ते साधारण तेव्हापासूनचे आहे. स्कॉटलंडमध्ये शेरीच्या (एक कडक वाइन) जागी व्हिस्की आणि फळांत रास्पबेरी असली की त्यालाच ‘टिप्सी लेअर्ड’, म्हणजे झिंगलेला जमीनदार, म्हणतात. २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या सत्तराव्या वर्षानिमित्त जी पुडिंगची स्पर्धा झाली, तीही जेमा मेल्विन यांच्या लिंबाचा स्विस रोल आणि आमारेत्ती (बदामाची इटालियन) बिस्किटे घातलेल्या ट्रायफलनेच जिंकली. ती कृती सुंदर आहे, परंतु तिच्यात स्विस रोल, लिंबाचे कस्टर्ड, जेली, संत्र्याचा रस्सा आणि वर चॉकलेटचे पापुद्रे असे सगळेच घरी करायचे असते, म्हणून आपण यंदा तिच्या वाटेला जाऊ नये.

नाताळच्या जेवणात ट्रायफल का असते हेही लक्षात घेतले तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. त्या दिवशी ओव्हन टर्की आणि बटाट्यांनी भरलेला असतो, ख्रिसमस पुडिंग जड आणि काळेभोर असते व ते सगळ्यांना सोसत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी होऊन जाणारे, थंड आणि हलके असे काहीतरी लागते. यजमानीणबाईंनी हेच काम आपल्याकडे का सोपवले असेल हे त्यावरून कळेल.

आता अंड्याचा प्रश्न, कारण तोच आधी सोडवायला हवा. अंड्याच्या बलकाचे कस्टर्ड चवीला सरस असते हे मी मान्य करते, तरीही आपल्या बाबतीत मी बेधडक पावडरचे कस्टर्ड करण्याचा सल्ला देईन. ती तडजोड आहे असे मनात आणू नका. कस्टर्ड पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये तयार केली ती त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत म्हणूनच. तिच्यात मुख्यत्वे कॉर्नफ्लोअर असते, अंडे अजिबात नसते. शिवाय आपले शेजारी ज्या पिढीचे आहेत त्या पिढीचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि त्यानंतरच्या रेशनिंगमध्ये गेले. ताजे अंडे माणशी आठवड्याला साधारण एकच मिळत असे, आणि अन्नाचे रेशनिंग पूर्णपणे संपायला १९५४ साल उजाडले. त्यामुळे त्यांच्या आईच्या हातचे ट्रायफल बहुधा पावडरचेच असणार. आपल्याकडेही पुण्याच्या कंपनीच्या कस्टर्ड पावडरवर कितीतरी घरांतले फ्रूट कस्टर्ड वाढले आहे, तेव्हा सासूबाईंनाही ही चव ओळखीची वाटेल.

मात्र कस्टर्डमधले अंडे काढले म्हणजे ट्रायफल शाकाहारी झाले, असे समजून पुष्कळजण फसतात. दुकानात मिळणाऱ्या ट्रायफल स्पंजमध्ये अंडे असते, आमारेत्तीत अंड्याचा पांढरा भाग असतो, आणि येथील जेलीच्या बहुतेक वड्यांत जिलेटिन असते, जे प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून काढतात. काही वर्षी नाताळ मार्गशीर्षात येतो, आणि एरवी अंडे खाणारी मंडळीही तेव्हा ते वर्ज्य करतात. म्हणून मी घरी दह्याचाच केक करते. १९० ग्रॅम मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा एकत्र चाळून घ्यावा. एक कप दह्यात पाऊण कप साखर विरघळवून त्यात अर्धा कप तेल आणि व्हॅनिला घालावा. दोन्ही एकत्र करून १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटे भाजावे. हा केक २३ तारखेलाच करून ठेवावा, कारण शिळा केक रस चांगला शोषतो आणि ताजा केक चिखल होतो. बिनअंड्याचा केक मुळातच ओलसर आणि भुसभुशीत असल्यामुळे त्याला दुकानी स्पंजपेक्षा कमी रस लागतो, ही गोष्ट कृतींच्या पुस्तकांत आढळत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

भांडे साधारण तीन लिटरचे, उभ्या कडांचे आणि काचेचे असावे. नवीन घेण्याची गरज नाही. धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत अशी भांडी अगदी स्वस्तात मिळतात, माझे तिथलेच आहे. केकचे बोटभर जाडीचे काप करून दोन-दोन कापांच्या मध्ये रास्पबेरीचा जॅम लावावा आणि तळाशी ते दाटीने बसवावेत, म्हणजे ते हलत नाहीत. शेरी शिंपडण्यापूर्वी सासूबाईंसाठी, मुलांसाठी आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी तीन-चार छोट्या ग्लासांत केक वेगळा काढून त्यावर संत्र्याचा रस घालावा. ही शेरी शिजवली जात नाही, त्यामुळे तिच्यातली दारू उडून जात नाही, हे पाहुण्यांना स्पष्ट सांगणे आपले कर्तव्य आहे. मोठ्या भांड्यासाठी सुमारे १०० मिलिलिटर गोडसर शेरी पुरे. ती एकदम न ओतता चमच्याने सगळीकडे फिरवून घालावी आणि दहा मिनिटांनी चमच्याची पाठ केकवर दाबून पाहावी. केक दबला आणि कडेला रस साचला नाही, म्हणजे प्रमाण जमले. तळाशी डबके झाले असेल तर वरचे सगळे थर त्याच्यावर घसरणार.

त्यावर ४०० ग्रॅम रास्पबेरी पसराव्यात. डिसेंबरात ताज्या रास्पबेरी महाग आणि बेचव असतात. गोठवलेल्या घ्याव्यात, मात्र गाळणीत ठेवून वितळू द्याव्यात आणि खाली उतरलेला रस शेरीबरोबर केकला पाजावा. हे उत्तर महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी खुशाल महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी घ्याव्यात, कारण त्यांचा हंगाम तेव्हा सुरू झालेला असतो. न शिजवलेला ताजा अननस, किवी आणि पपई मात्र टाळावीत. त्यांतील विकरे (एन्झाइम) प्रथिने तोडतात, त्यामुळे जिलेटिन घट्ट होत नाही आणि दूध-साय कडवट होते. डबाबंद अननस उकळलेला असल्यामुळे तो चालतो.

जेली घालावी की नाही यावर इथे घराघरांत वाद आहेत. माझे मत विचाराल तर मोठ्यांच्या ट्रायफलमध्ये ती नको, फळांचा आणि शेरीचा रस केकमध्ये पुरेसा असतो. मुलांसाठी हवीच असेल तर समुद्री शेवाळापासून केलेली शाकाहारी जेली घ्यावी, पाकिटावर दिलेल्यापेक्षा पाणी थोडे कमी घालावे, आणि ती कोमट असतानाच ओतावी, कारण चायना ग्रासची जेली फ्रिजबाहेरही घट्ट होते आणि थांबलात तर पातेल्यातच थिजते.

कस्टर्डसाठी दोन पाइंट, म्हणजे साधारण ११४० मिलिलिटर, सायीसकट दूध घ्यावे. नेहमी पाइंटला दोन मोठे चमचे पावडर घेतात, पण ट्रायफलला तीन लागतात, म्हणून इथे सहा, आणि साखर चार मोठे चमचे. पावडर आणि साखर थोड्या गार दुधात कालवून घ्यावी, उरलेले दूध जाड बुडाच्या पातेल्यात उकळीला आणावे, ते कालवणावर ओतावे आणि सगळे पुन्हा आचेवर ठेवून तळ खरवडत ढवळावे. बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी एक मिनिट थांबावे. बलक घालून कस्टर्ड करणाऱ्यांनी तर ही शेवटची उकळी मुळीच चुकवू नये, कारण कच्च्या बलकातले एक विकर पिठूळ पदार्थाला हळूहळू पातळ करते; रात्री घट्ट दिसलेले कस्टर्ड सकाळी पातळ होते त्याचे कारण बहुधा हेच असते. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे बलक फुटण्याची भीती नसते. नुसत्या बलकाचे कस्टर्ड मात्र ८२-८४ अंशांच्या वर गेले की फुटते.

तयार कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर ठेवावा, म्हणजे साय धरत नाही, आणि ते पूर्ण निवू द्यावे. बोट बुडवल्यावर ऊब जाणवता कामा नये, पण ते थिजून गोळाही झालेले नसावे. उलथन्यावरून जड पट्टीसारखे खाली पडले म्हणजे वेळ झाली. मग ते भांड्याच्या मध्यात न ओतता मोठ्या चमच्याने कडेपासून आत घालत यावे. कड बंद झाली की खालचा रस वर येत नाही. छोट्या ग्लासांतही हेच कस्टर्ड घालावे. हे सगळे २४ तारखेच्या दुपारपर्यंत संपवून भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. झाकायला विसरू नये. सायीला शेजारच्या पदार्थाचा वास फार लवकर लागतो, आणि एका वर्षी आमच्या ट्रायफलला आदल्या दिवशीच्या लसणीच्या चटणीचा इतका स्पष्ट वास होता की माझा मुलगा आजही त्याची आठवण काढतो.

क्रीम २५ तारखेच्या सकाळी. इथले डबल क्रीम सुमारे ४८ टक्के स्निग्धांशाचे असल्यामुळे सहज फेटले जाते. भारतात चौकोनी खोक्यात मिळणारे २५ टक्क्यांचे क्रीम कितीही फेटले तरी उभे राहत नाही, तिथे ३५ टक्क्यांच्या पुढचे पाहून घ्यावे. ४०० मिलिलिटर थंड क्रीममध्ये एक चमचा पिठीसाखर घालून हाताने फेटावे आणि रवी वर उचलल्यावर टोक हळूच वाकले की लगेच थांबावे. पसरवताना ते आणखी दाटते, त्यामुळे भांड्यातच कडक केले तर कस्टर्डवर लोण्याच्या ढेकळांसारखे बसते. बदामाचे काप कोरड्या तव्यावर भाजून वेगळ्या डबीत न्यावेत आणि वाढण्याच्या क्षणी घालावेत. रंगीत साखरदाणे घालायचे असतील तर तेही तेव्हाच, नाहीतर पांढऱ्या क्रीमवर रंगाचे ओघळ उतरतात.

शेजारी जायचे आहे म्हणजे गाडीचा प्रवास नाही, ही सोय मोठी आहे. तरी पायऱ्या उतरताना भांडे पूर्ण भरलेले नको म्हणून मी क्रीम डब्यात नेऊन तिथेच पसरवते. पहिला चमचा उभा, तळापर्यंत घालावा, म्हणजे प्रत्येकाला सगळे थर मिळतात. चमचा वर येताना ओला, ओढल्यासारखा ‘फच्’ असा आवाज आला तर यजमान आजोबांकडे जरूर पाहा. इंग्रज माणसे ट्रायफल चांगले झाले की नाही ते या आवाजावरून ठरवतात.

उरलेले लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेच्या चहाबरोबर, संपवावे. त्या दिवशी थर थोडे मिसळलेले असतात आणि चव जास्त मुरलेली असते. मला स्वतःला तेच अधिक आवडते, फक्त ते पाहुण्यांना दाखवण्यासारखे राहिलेले नसते.