पश्चिमेच्या गॅलरीत संध्याकाळी निवांत बसायचे असेल तर

पुण्यात सहाव्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड असलेल्या 10 बाय 5 फुटांच्या गॅलरीत संध्याकाळी शांत बसता येईल अशी बाग करायची आहे आणि त्यासाठी चाळीस कुंड्या, कृत्रिम हिरवळ व विजेवरचे कारंजे घ्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही खरेदी तूर्त थांबवावी आणि आधी एक खुर्ची गॅलरीत नेऊन चार-पाच संध्याकाळी नुसते बसून पाहावे. ऊन कोणत्या बाजूने डोळ्यांवर येते, समोरच्या इमारतीची कोणती खिडकी थेट नजरेत येते, वारा कुठून लागतो हे बसल्याशिवाय कळत नाही, आणि पुढची सगळी मांडणी त्या खुर्चीवरून ठरते. पाय पसरता येतील एवढी जागा मोकळीच ठेवावी. हौशी माणसाच्या गॅलरीत नेमकी तीच आधी भरून जाते.

आपला खरा प्रश्न उन्हाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेची भिंत दिवेलागणीनंतरही तापलेली असते आणि कृत्रिम हिरवळ फरशीहूनही जास्त तापते, म्हणून ती घेऊच नये. तिच्याऐवजी फरशी उघडी ठेवून ऊन उतरल्यावर तिच्यावर पाण्याचा शिपका मारावा. आडोशासाठी ग्रीलवर मधुमालती चढवावी. तिला भरपूर ऊन मानवते, आणि तिची फुले संध्याकाळी उमलताना पांढरी असतात, मग गुलाबी आणि पुढे लाल होत जातात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. मंद सुगंध येतो तोही आपण बसाल त्याच वेळी. मात्र तिला 18 इंचांची कुंडी द्यावी आणि बहर ओसरला की हात न आखडता छाटणी करावी, नाहीतर ती वरच्या मजल्यावर पोहोचते.

खुर्चीजवळ एक-दोन मोगरे पुरेत. जानेवारीच्या अखेरीस छाटून, पाणी जरा कमी करून मग शेणखत घातले, तर उन्हाळ्यात कळ्या भरभरून येतात. रातराणीचा मोह बहुतेकांना होतो, पण एवढ्या लहान जागेत तिचा वास अनेकांना डोके दुखेपर्यंत उग्र वाटतो. शिवाय ती विषारी आहे, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर ती टाळलेलीच बरी.

चाळीस कुंड्यांबद्दल स्पष्टच लिहितो. 12 इंचांच्या कुंडीतील ओल्या मातीचे वजन सहज 25 किलोंच्या घरात जाते, म्हणजे चाळीस कुंड्यांचे टनभर होते, आणि सज्जाच्या बाहेरच्या कडेला एवढा भार रचणे धोक्याचे आहे. दहा-बारा कुंड्या ठेवाव्यात, वजन कमी व्हावे म्हणून मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळावे आणि जड कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात. झाडांचे प्रकारही चार-पाचच असावेत. प्रत्येकाचे पाणी आणि खत वेगळे असले की बसण्याची वेळ मशागतीतच जाते.

खालच्या रस्त्याचा आवाज पानांनी फारसा अडत नाही, हे आधीच समजून घ्यावे. वाहत्या पाण्याच्या आवाजाने त्याच्यावरून लक्ष तेवढे हटते, म्हणून कारंजे हवेच असेल तर लहान घ्यावे; परंतु ते बंद ठेवलेल्या दिवसांत त्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही वाढतो. पसरट भांड्यात पाणी साठवणार असाल, तर त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. ताटल्या मुळीच न ठेवणे हा उपाय नव्हे, कारण मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आणि मग शांततेचा विषय सोसायटीच्या सभेत निघतो.

दिवा पिवळसर आणि गुडघ्याच्या उंचीवर, झाडामागे असावा. छतावरच्या पांढऱ्या दिव्याखाली दिवसभराच्या दगदगीनंतर बसवत नाही. मधुमालती जूनमध्ये पहिल्या पावसानंतर लावावी आणि ती ग्रील भरेपर्यंत पश्चिमेच्या बाजूला 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) बांधून काम भागवावे.