प्रेसिडेंटचं वर्ष संपलं, आता त्याचा हिशोब कसा मांडू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात रोटरी क्लबची गेल्या वर्षीची प्रेसिडेंट, आमच्या क्लबची पहिली महिला प्रेसिडेंट. ३० जूनला वर्ष संपलं, पदग्रहण सोहळ्यात कॉलर, म्हणजे प्रेसिडेंटपदाची माळ, नवीन प्रेसिडेंटच्या गळ्यात घातली आणि घरी आले. वर्षभरात रक्तदान शिबिर, डोळे तपासणी, वृक्षारोपण, जिल्हा परिषदेच्या शाळेला ई-लर्निंग सेट, आठवडी बाजाराच्या दिवशी बीपी-शुगर तपासणी असं बरंच केलं, रोटरीच्या डिस्ट्रिक्टकडून (आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांचा विभाग) अवॉर्ड पण मिळाले. आता क्लबच्या बुलेटिनसाठी, म्हणजे आमच्या पत्रिकेसाठी, माझ्या वर्षाबद्दल एक पान लिहायला सांगितलंय. लिहायला बसले की नुसती प्रोजेक्टची यादी होते आणि ती वाचून माझं मलाच काही वाटत नाही. दुकान, घर, सासूबाईंचं आजारपण सांभाळून केलंय हो हे सगळं, आणि शेवटी शेवटी मीटिंगला तीच सात-आठ माणसं. खरंच काही झालं का माझ्या वर्षात? आणि दुसरं म्हणजे बाजाराच्या दिवशीची तपासणी नवीन टीम बंद करणार असं कानावर आलंय, मी मधे बोलावं का?

उत्तर : नमस्कार. मीही असं एक वर्ष काढलंय त्यामुळे तुमचं पत्र वाचताना सगळं डोळ्यासमोर येत होतं. आधी एक सांगते, घरात आजारी माणूस असताना दर आठवड्याला मीटिंग, बीओडी म्हणजे संचालक बोर्डाची मीटिंग, रोटरीच्या डिस्ट्रिक्ट गव्हर्नरची व्हिजिट, देणगीसाठी फिरणं हे सगळं पार पाडणं साधी गोष्ट नाही आणि त्याबद्दल तुम्ही स्वतःला कमी लेखू नका.

यादी वाचून काही वाटत नाही याचं कारण मला असं वाटतं की यादीत आपण काय दिलं ते असतं, पण दिल्यावर पुढे काय झालं ते नसतं. म्हणून पान लिहायची घाई करू नका, बुलेटिनला एक महिना उशीर झाला तर काही बिघडत नाही. आधी तुमच्या वर्षातल्या जागांवर एक चक्कर मारून या, आणि जाताना बॅनर नको, फोटोवाला नको, शाळेला आधी फोन करून कार्यक्रम ठरवणं पण नको.

शाळेपासून सुरुवात करा. साध्या मंगळवारी-बुधवारी जा आणि तो ई-लर्निंग सेट कुठे आहे ते बघा. वर्गात भिंतीवर असेल आणि मुलं त्यावर धडा बघत असतील तर तुमच्या पानाचा पहिला परिच्छेद तिथेच मिळाला. पण खूपदा असं होतं की पावसाळ्यात वर्ग गळतो म्हणून सेट हेडमास्तरांच्या खोलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो, किंवा ज्या गुरुजींना तो चालवायला शिकवला त्यांची बदली झालेली असते, किंवा त्या वर्गात प्लगच नसतो. यातलं काही दिसलं तर निराश होऊ नका, क्लबमधल्या एखाद्या इलेक्ट्रिशियन सभासदाला घेऊन जा, नवीन गुरुजींना तासभर शिकवा. तेवढ्याने तो सेट खऱ्या अर्थाने शाळेचा होईल, आणि हे पण पानात लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी जे शाळेला काही देतील ते आधी प्लग बघतील.

झाडांचंही तेच. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरकडे पाऊस थांबत नाही आणि माण-खटावकडे पडत नाही, त्यामुळे तुमचं गाव कुठल्या बाजूला आहे त्यावर सगळं आहे. कोरड्या भागात जुलैत लावलेल्या रोपाला पुढचे दोन उन्हाळे तरी पाणी लागतं, म्हणजे झाड लावणारा प्रेसिडेंट एक आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जगवणारा दुसरा. म्हणून आज किती जिवंत आहेत ते मोजा आणि तोच आकडा लिहा, आणि पाणी कोण घालतंय त्याचं नाव लिहा.

रक्तदानाबद्दल जरा जास्त लिहिते कारण हा विषय माझ्या जवळचा आहे. आपल्याकडे शिबिरांची गर्दी होते ती १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गणपती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवसांत, आणि एप्रिल-मे मधे कॉलेजं बंद, ऊन, लग्नसराई, तेव्हा ब्लड बँकेचे फोन यायला लागतात. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते, प्लेटलेट्स तर फक्त ५ दिवस, म्हणजे जानेवारीत भरभरून गोळा केलेलं रक्त मे महिन्यात थॅलेसेमियाच्या लेकराला चढवता येत नाही, आणि त्या लेकराला तर दर काही आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यामुळे किती बाटल्या जमल्या यापेक्षा शिबिर कधी घेतलं ते बघा.

आमच्या क्लबमधे आम्ही ते मे महिन्यात आणि संध्याकाळी घ्यायला लागलो, मंगल कार्यालय रिकामं असेल त्या दिवशी. तिथे आमच्या एका सभासदाची बायको नोंदणीच्या टेबलावर बसायची, कधी स्टेजवर न आलेली बाई. तिने एक लांब वही केली होती, रेघा मारून, त्यात नाव, रक्तगट, फोन, तारीख आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख, पुरुषांना ३ महिन्यांनंतरची आणि बायकांना ४ महिन्यांनंतरची, कारण तेवढं अंतर ठेवावंच लागतं. ती तारीख आली की ती दुपारी जेवण आवरून फोन लावायची, "दादा, तुमचे तीन महिने झाले बरं का" एवढंच बोलायची, आणि लोक यायचे. प्रेसिडेंट बदलत गेले, ती वही चालू राहिली. माझ्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम कुठलं असं कोणी विचारलं तर मी ती वही दाखवते. तुमच्या वर्षात अशी कोण होती? आठवा, नक्की कोणीतरी असणार.

मीटिंगला सात-आठच माणसं राहिली हे मनाला लागतं ते मी समजू शकते. पण हजेरी सोडून दुसऱ्या बाजूने बघा, वर्षभरात पहिल्यांदाच एखादं काम अंगावर घेतलं असे कोण कोण आहेत? पहिल्यांदा माईक हातात घेतलेला, पहिल्यांदा तहसीलदारांकडे परवानगी आणायला एकटा गेलेला, पहिल्यांदा खर्चाचा हिशोब लिहिलेला. आणि जे यायचे थांबले त्यांना फोन करा, आता तुमच्याकडे पद नाही त्यामुळे ते मोकळेपणी बोलतील. कोणाची ड्यूज म्हणजे वर्गणी भरायची अडचण असते, कोणाला बोर्डात डावललं गेल्यासारखं वाटलेलं असतं, कोणाच्या घरी काही चाललेलं असतं. जे कळेल ते नवीन प्रेसिडेंटना नावं न घेता सांगा.

आणि तुम्ही पहिल्या महिला प्रेसिडेंट आहात हे एका ओळीत उरकू नका. रोटरी १९०५ ला सुरू झाली आणि बायकांना सभासद करून घ्यायचा नियम झाला १९८९ ला, इतकी वर्षं दार बंदच होतं. तुमचं वर्ष बघून किती जणी सभासद व्हायला तयार झाल्या ते लिहा, एकच असेल तर एक लिहा.

तुम्ही विचारलंय खरंच काही झालं का. मला अशा वेळी पोलिओ आठवतो. रोटरीने पोलिओप्लस ही पोलिओ हटवायची मोहीम सुरू केली १९८५ ला, आपल्याकडे पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ ला, भारतातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मधे पश्चिम बंगालच्या हावड्याला आणि पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र आलं २७ मार्च २०१४ ला. सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडीताई, डब्ल्यूएचओ, युनिसेफ यांच्या बरोबर त्या सगळ्या वर्षांत देशभरातल्या क्लबांचे प्रेसिडेंट दर जुलैत बदलत होते, आणि रविवारी सकाळी बूथवर पोरांच्या डाव्या करंगळीला शाई लावताना त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं की शेवट कधी येणार. पोलिओ माझ्या वर्षात गेला असं त्यातला कोणीही म्हणू शकत नाही, तरी ती वर्षं मधे नसती तर तो गेला नसता. तुमचं वर्ष मला तसंच दिसतं, आणि मी हे समाधान करायला म्हणून लिहीत नाहीये.

आता बाजाराच्या दिवशीच्या तपासणीबद्दल. बोला, पण एकदाच आणि बोर्डाच्या मीटिंगमधे बोला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात नको, तिथे दोन अंगठे आणि एक तिरकी कमेंट की झालं, गावात दोन गट पडतात. जाताना कागद घेऊन जा : कोणते डॉक्टर येतात, शुगर तपासायच्या स्ट्रिप कुठून आणता आणि किती खर्च येतो, खोलीची किल्ली कोणाकडे, नियमित येणारे पेशंट किती. आणि सोबत सांगा की मी किंवा अमुक सभासद हे चालवायला तयार आहे, तुम्ही फक्त खर्चाची मंजुरी द्या. नवीन प्रेसिडेंटला बहुतेक वेळा काम नकोसं नसतं, त्याला माणूस मिळत नसतो. तरीही नाही म्हणाले तर तो त्यांचा अधिकार आहे, तो मान्य करा आणि मागून हलवाहलव करू नका.

मात्र त्या बाजारात पंधरा दिवसांनी बीपी बघायला येणाऱ्या आजीबाईंना वाऱ्यावर सोडू नका. ३० वर्षांवरच्या माणसांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत, आयुष्मान आरोग्य मंदिरात, मोफत होते. तुमच्या रजिस्टरमधली नावं गावागावाप्रमाणे वेगळी करा, पेशंटना विचारून ती त्या त्या उपकेंद्राच्या ताईंकडे द्या आणि शेवटच्या बाजारी प्रत्येकाला कुठे जायचं ते तोंडी सांगा, चिठ्ठी नको, अनेकांना वाचता येत नाही.

एक हिशोबाचं राहिलं. रोटरीचं वर्ष जुलै ते जून आणि इन्कम टॅक्सचं एप्रिल ते मार्च, त्यामुळे तुमचं वर्ष दोन आर्थिक वर्षांत पडलंय. एप्रिल ते जूनमधल्या पावत्या आणि देणग्यांचे कागद अजून तुमच्या कपाटात असतील तर आत्ताच नवीन ट्रेझररना सही घेऊन द्या, करसवलतीच्या पावतीची वाट बघणारा देणगीदार तुमच्या नावानेच विचारत येणार आहे. क्लबचा ट्रस्ट असेल आणि त्यात ट्रस्टी बदलले असतील तर चेंज रिपोर्ट ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात जायला लागतो, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत. हे काम नवीन टीमला बहुधा माहीत नसतं, तुम्हीच आठवण करा.