वाचकांचे प्रश्न : कुत्रं माती, कापड, चपला का खातं?

प्रश्न : आमचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. पायमोजे, चपलेचे पट्टे, फरशीचं फडकं, दिसेल ते तोंडात घेतं. ओढून घ्यायला गेलं की पटकन गिळून टाकतं. मारून पाहिलं, फरक नाही. (लातूर)

उत्तर : आधी ते नुसतं चावतंय की गिळतंय, ते बघा. फाडलेल्या वस्तूचे तुकडे गोळा करून जुळवा. सगळे जुळले तर ते चावणं आहे. तुकडा कमी भरला तर तो पोटात गेला असं धरून चाला.

या वयात चावणं साहजिक आहे. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात आणि हे काम साधारण सात महिन्यांपर्यंत चालतं. हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते काहीतरी चावायला शोधतं. गिळण्याची सवय मात्र बऱ्याचदा आपणच लावतो. तोंडातून वस्तू हिसकावली, पाठलाग केला, मार दिला की पिल्लू एवढंच शिकतं की माणूस जवळ यायच्या आत वस्तू पोटात गेली पाहिजे. म्हणून मारणं आजपासून बंद करा.

त्याऐवजी अदलाबदल शिकवा. उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे एका डबीत ठेवा. सुरुवात त्याच्याच साध्या खेळण्यापासून करा. खेळणं तोंडात असताना तुकडा नाकाशी न्या. तोंड उघडून खेळणं पडलं की ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि खेळणंही परत द्या. परत देणं विसरू नका. सोडलं तरी आपलं काही जात नाही, ही खात्री त्यातूनच येते. एका बैठकीत आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीन बैठका. चार-पाच दिवसांनी आधी ‘सोड’ म्हणा, क्षणभर थांबा, मग तुकडा काढा. हे पक्कं जमल्यावरच त्याच्या जास्त आवडीच्या वस्तूंकडे वळा.

यात एक चूक हमखास होते. पायमोजा तोंडात असतानाच डबी निघाली, तर हुशार पिल्लू चिकनसाठी मुद्दाम पायमोजा आणून दाखवतं. म्हणून सराव त्याच्या खेळण्यांवरच करा आणि तोंड रिकामं असतानाही अधूनमधून बोलावून तुकडा द्या. शिकेपर्यंत मळके कपडे झाकणाच्या टोपलीत आणि चपला कपाटात ठेवा.

चावायला पोकळ, जाड रबराच्या खेळण्यात साधा दहीभात भरून चार तास फ्रीजरमध्ये गोठवून द्या. खेळणं पूर्ण तोंडात मावणार नाही एवढं मोठं हवं. अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण उमटत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे. शिजवलेली हाडं देऊ नका. ती फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात. कापड खाणाऱ्या पिल्लाला जुनं फडकं खेळायला देणंही चूकच, कारण जुनं कापड आणि नवी साडी यातला फरक त्याला कळत नाही.

शिवाय रोज दोनदा वीस-पंचवीस मिनिटं फिरवा आणि रमतगमत वास घेऊ द्या. एप्रिल-मेच्या लातूरच्या उन्हात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर काढा. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही, तर त्याचे पायही भाजतील. रस्त्यावरचं उचलून गिळत असेल तर जाळीचं मुसकं वापरा. तोंड आवळणारं कापडी मुसकं नको. त्यात धापा टाकता येत नाहीत आणि उन्हाळ्यात ते जिवावर बेततं.

प्रश्न : आमचं गावठी कुत्रं तीन वर्षांचं, वजन १५ किलो. महिन्याभरापासून माती खातंय, चुन्याची भिंत चाटतंय. वाळलंही आहे. खायला भाकरी-दूध आणि उरलेली आमटी. (जिंतूर)

उत्तर : मोठं कुत्रं अचानक माती खायला लागलं की तो आजार समजूनच तपासा. वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी दिसली तर रक्त कमी आहे आणि आजच्या आजच डॉक्टर गाठायला हवेत. रक्त कमी झालेली कुत्री माती चाटतात. आपल्याकडे त्यामागे मुख्यतः दोन कारणं असतात : गोचिडांमुळे होणारा ताप आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारे अंकुशकृमी. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडं शोधा. रक्ताची आणि ताज्या विष्ठेची तपासणी करून घ्या. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात आहे.

जंतांचं औषध वजनावर ठरतं. बऱ्याच मिश्र गोळ्या १० किलोला एक अशा असतात, तरी पाकीट वाचून डॉक्टरांना विचारा. पंधरा दिवसांनी पुन्हा द्या, मग दर तीन महिन्यांनी. मातीतूनच जंत पुन्हा पोटात जातात, त्यामुळे एका गोळीवर भागत नाही. गुरांचं गोचिडांचं औषध मात्र अंदाजाने कुत्र्याला लावू नका.

आमटी बंदच करा. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रोज थोडाथोडा पोटात गेला तरी रक्त कमी होऊ शकतं. भाकरी-दुधात प्रथिनंही कमी पडतात. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला दीड ज्वारीची भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि हाडं काढलेलं दीडशे ग्रॅम शिजवलेलं चिकन असं दोन वेळांत विभागून द्या. यात कॅल्शियम कमी पडतं, ते वजन सांगून डॉक्टरांकडून लिहून घ्या. खाऊनही वाळत असेल आणि शी फिकट, तेलकट, ढीगभर होत असेल तर स्वादुपिंडाची शंका बोलून दाखवा. खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा, त्याने भूक अनावर होते.

प्रश्न : कुत्र्याने दाणे काढलेलं मक्याचं कणीस गिळलं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी का? (भोकरदन)

उत्तर : नाही. मिठाने रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात, जीवही जातो. कणीस पोटात विरघळत नाही. कधी ते बरेच दिवस पोटातच राहतं आणि मग आतड्यात अडकतं. म्हणून ‘काल गिळलं, आज खेळतंय’ यावर निर्धास्त होऊ नका. पहिल्या दोन तासांत पोचलात तर उलटी काढायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. एक्स-रेमध्ये धातू आणि दगड स्पष्ट दिसतात, कणीस, कापड, प्लास्टिक दिसेलच असं नाही. काय गिळलं ते नेमकं सांगा आणि सोनोग्राफीबद्दल विचारा.

पुन्हा पुन्हा उलटी, शी बंद, पोट कडक, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर धरणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबत असेल तर ओढू नका, आतलं आतडं चिरतं. बटणासारखा सेल गिळला असेल तर काही तासांत आतून भाजतं. फवारणीचं औषध किंवा उंदराचं विष असेल तर पाकीट सोबत न्या.

प्रश्न : वस्तूंना मिरची पूड लावली तर? देवापुढच्या वातीही खातं. (अंबाजोगाई)

उत्तर : मिरची डोळ्यांत गेली की कुत्र्याचे हाल होतात, आणि काही कुत्री ती चाटूनही वस्तू खातातच. कडू फवारे काहींवरच चालतात, तेही रोज मारावे लागतात. वातीत त्याला तूप दिसतं, त्यात त्याचा दोष नाही. निरांजन उंच फळीवर ठेवा आणि विझलेल्या वाती झाकणाच्या डब्यात टाका.