सतरा वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचे मूळ अवयव हाताने काढता येतात का?

नोकरी-धंदा सोडला तर येतील. उत्तर आधी देऊन टाकतो: २०७१७२३ × ५३६३२२२३५७, दोन्ही मूळ. अवयव संगणकाने काढले, गुणाकार मी कागदावर करून बघितला. बरोबर सतरा एक येतात.

पण मला सतरापेक्षा सात एकांबद्दल बोलायचंय. त्यापायी मी छड्या खाल्ल्यात.

१९८७ साल, सोलापूर, नववी. सर म्हणाले, १११११११ ही मूळ संख्या, कारण त्यात सात एक आहेत आणि सात मूळ. असलं कारण! १११ म्हणजे ३ × ३७, तिथंच हे मोडतं. पण सर बोलले म्हणजे विषय संपला.

आमचं घर अशोक चौकाच्या बाजूला, खाली मालकाचे माग, वर आम्ही. वडील टॉवेलच्या मागावर. रात्रपाळीच्या खटखटीत झोप यायची नाही, म्हणून सुताच्या पेटीतले पुठ्ठे घेऊन भागाकार मांडत बसलो. २ आणि ५ सोडून एकेक मूळ संख्या ओळीनं. तिसऱ्या रात्री २३९ वर आलो. ११११ मधून ९५६ गेले, उरले १५५. एक खाली, १५५१; त्यातून १४३४ गेले, ११७. परत एक खाली, ११७१ मधून ९५६, २१५. शेवटचा एक खाली घेतला, २१५१. आणि २३९ नवे २१५१! बाकी शून्य. दुसऱ्या पुठ्ठ्यावर पुन्हा केलं, तरी शून्य. वडील पाळी संपवून वर आले, पुठ्ठा बघून म्हणाले, "हे कुणाचं बिल बे?"

वर्गात दाखवलं, २३९ × ४६४९. सरांनी एवढंच विचारलं, "कॅल्क्युलेटर कुणाचा?" आणि दोन छड्या. कॅल्क्युलेटर अख्ख्या इमारतीत एकट्या मालकाकडं. फळा सरांच्या पाठीमागंच होता, गुणाकाराला एक मिनिट लागलं असतं.

पुढं कळलं की माझ्या पन्नास भागाकारांपैकी बेचाळीस उगीच होते. सात एकांच्या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १४ च्या, म्हणजे सातच्या दुपटीच्या, पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११ आणि आठवा २३९. एका रात्रीचं काम. तुमच्या सतरासाठी हीच पायरी ३४ ची होते, तरी २०७१७२३ पर्यंत पोचायला साडेनऊ हजारांच्या आसपास मूळ संख्या तपासाव्या लागतील. म्हणून म्हटलं, नोकरी सोडा.

अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ साली गणितज्ञांच्या सभेत २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येचे अवयव मांडले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. तोंडातून शब्द न काढता फळ्यावर गुणाकार केला आणि खाली बसले, असं सांगतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्रेंच गणितज्ञ लुकास यांनी १८७६ मध्येच ती मूळ नाही हे दाखवलं होतं, पण अवयव कुणाच्या हाती लागले नव्हते. अवयव शोधायला वर्षं लागतात, तपासायला एक फळा पुरतो. मास्तर लोकांनो, पोरानं काही आणलं तर आधी गुणाकार करून बघा की! सगळे मास्तर तसे नसतात हेही मान्य. ६१७४ या संख्येची गंमत शोधणारे देवळालीचे गणिती कापरेकरही शाळेतच शिकवायचे.

एक राहिलंच. ही पायरीची युक्ती सगळे एक असलेल्या संख्येला लागते, पण एक किती हा आकडा ३ पेक्षा मोठा आणि मूळ असेल तरच. सहा एक असतील तर तो सरळ ११ आणि १११ ने फुटतो. दुसरी कुठलीही अगडबंब संख्या घेऊन आलात तर ही युक्ती चालेलच असं नाही.

आणि सरांनी त्या दिवशी सातऐवजी एकोणीस एक लिहिले असते तर मी हरलो असतो. ती संख्या खरंच मूळ आहे. सरांनी दिलेल्या कारणानं नव्हे, पण आहे.