पदाआधीचं वाक्य

चि. लेखिकाबाईंना,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू स्पर्धेला जाणाऱ्या तुझ्या संगीत नाटकाची फाईल ठेवून गेलीस, चहा अर्धा तसाच टाकून. जिन्यात थांबून विचारलंस, "सर, बक्षीस संहितेला असतं का गाण्यांना?" मी नुसतं "बघू" म्हटलं, कारण आतून कुकर बंद करायला हाका चालू होत्या. तेव्हा बोललो असतो तर दोन मिनिटांत झालं असतं. आता पत्र वाच.

फाईल रात्रीच वाचली आणि पान ३१ वर चिडून बाजूला ठेवली. गुऱ्हाळघराचा प्रवेश. नवऱ्याचा हात भाजलाय, दुसरा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, मिळत नाही म्हणून बाई स्वतः रस उकळायच्या काहिलीपाशी बसलीय आणि थोरली बहीण तिला माहेरी न्यायला आलीय. मार्चमध्ये तू वाचून दाखवलंस तेव्हा ती म्हणत होती, "ताई, बस तितंच. मला उठाय येत न्हाई, रस उतू जाईल." आणि पद सुरू. आता ती म्हणते, "ताई, माझ्या मनीची व्यथा तुला कोणत्या शब्दांत सांगू?" आणि पद सुरू. हा बदल दिग्दर्शकाचा ना? काहिलीवरची मळी काढणाऱ्या बाईला 'मनीची व्यथा' सुचते होय? आधीच्या वाक्यात ती अडकलेली होती. उठता येत नाही, बहिणीपुढं गप्प राहवत नाही, मग गाण्यावाचून तिला दुसरी वाटच नव्हती. आता ती गाते, कारण ऑर्गनवाल्यानं सूर धरलाय. आणि पदात पुन्हा व्यथाच आहे, म्हणजे एकच गोष्ट दोनदा, एकदा बेसूर आणि एकदा सुरात.

पदाआधीचं वाक्य तुझं. पद कवीचं, चाल संगीतकाराची, तान गाणाराची, वन्समोर पब्लिकचा. ते एक वाक्य तेवढं तुझं, आणि त्यावर कुणी टाळी वाजवत नाही. म्हणूनच ते कापायला सगळ्यांचा हात पटकन जातो.

आपल्या गावात तर जास्तच. संगीत नाटक म्हटलं की कोल्हापूरला गळा आठवतो. संगीतसूर्य केशवराव भोसले इथले, 'मानापमान'च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे इथले, शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभारलं तेही इथं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत केशवराव आणि बालगंधर्व यांनी संयुक्त 'मानापमान' केलं, त्याच्या गोष्टी मी आजोबांकडून ऐकल्या. कोण कसा गायला, कुणी कुणावर मात केली, हे त्यांना तिथं बसून ऐकल्यागत पाठ. ते नाटक खाडिलकरांनी लिहिलंय हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. शेजारी एक म्हातारा रडत रडत एकेका पदाचं नाव घेत होता. त्याच्या तोंडून एकही संवाद निघाला नाही. माझ्याही नाही. आणि मी स्वतःला नाटककार म्हणवतो!

पुरस्कारांचं तसंच. राज्य सरकारचा संगीत रंगभूमीचा जीवनगौरव अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावानं आहे. १८८० सालचं 'शाकुंतल' आणि मग 'सौभद्र' लिहिणारा माणूस! आता त्या पुरस्काराच्या मानकऱ्यांची नावं वाच. गाणारी माणसं आहेत, थोर आहेत, माझी तक्रार नाही. थोडी आहे.

पण सगळाच अंधार आहे असं समजून तू गळा काढू नकोस. साहित्य अकादमीनं २०२० चा युवा पुरस्कार प्राजक्त देशमुखच्या 'देवबाभळी'ला दिला, संगीत नाटकाच्या छापील संहितेला. आवलीच्या पायात काटा मोडलाय आणि तिची सेवा करायला रखुमाई आलीय. दोघी बायका, एक दुखणं, एक घर. इथं गाणं चिकटवावं लागत नाही, परिस्थितीच गायला लावते. दारव्हेकरांच्या 'कट्यार'मध्येही (१९६७) तेच. पंडितजी आणि खाँसाहेब यांचं भांडणच गाण्यावरून, मग पद कुठून आणू हा प्रश्नच नाही. असली गोष्ट सापडणं हे निम्मं लेखन. तुला गुऱ्हाळघर सापडलंय, आणि तू तिथं 'मनीची व्यथा' पेरतेस.

तिकडे न्यूयॉर्कला टोनी या नाटकांच्या पुरस्कारांत म्युझिकलच्या, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाच्या, 'बुक'ला वेगळं बक्षीस असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, नाटकाच्या पुस्तकाची छपाई-बांधणी बघून देत असतील. नंतर कळलं, बुक म्हणजे गोष्ट, तिची रचना आणि संवाद. गीतं आणि संगीत 'स्कोअर' या वेगळ्या खात्यात. वाचून मी खूश झालो होतो, निदान कुणीतरी वाटणी केली म्हणून. पण तिथंही गोंधळ आहेच. १९८३ साली 'कॅट्स'च्या बुकचं टोनी टी. एस. एलियटला मिळालं. त्याला जाऊन अठरा वर्षं झालेली, आणि त्यानं लिहिल्या होत्या मांजरांवरच्या कविता, १९३९ च्या पुस्तकातल्या. १९८९ ला तर बुक आणि स्कोअर ही दोन्ही बक्षिसं दिलीच नाहीत. मला ते आवडलं. आपल्याकडे ढाल उरली की कुणाच्या तरी हातात द्यायचीच असते.

उलटंही झालंय. १९३२ साली 'ऑफ दी आय सिंग' या म्युझिकलला नाटकाचं पुलित्झर मिळालं. संवाद लिहिणारे कॉफमन आणि रिस्किंड, गीतं लिहिणारा आयरा गर्श्विन, तिघांची नावं लागली. संगीत देणारा जॉर्ज गर्श्विन, आयराचा सख्खा भाऊ, तेवढा बाहेर. बक्षीस शब्दांचं, सुरांचं नाही. जॉर्जला विशेष पुलित्झर मिळालं १९९८ ला, तो गेल्यावर साठ वर्षांनी. ही गोष्ट मी बरीच वर्षं मनात धरून बसलोय. का, ते आता सांगतो, कारण तुझा दुसरा प्रश्न तू विचारलाच नाहीस, नुसता फॉर्म फाईलमध्ये ठेवून गेलीस. पदं तुझ्या मैत्रिणीची आहेत. फॉर्मवर 'लेखकाचे नाव' एवढंच आहे.

१९९१ साली एका स्पर्धेत माझ्या संगीत नाटकाला लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं. पदं माझ्या मित्राची. तो प्राथमिक शाळेत मास्तर, ऑर्गनही तोच वाजवायचा, तालमीला सायकलवरून यायचा. माईकवर माझं एकट्याचं नाव आलं. मी वर गेलो, प्रमाणपत्र घेतलं, फोटो काढला. खाली तिसऱ्या रांगेत तो टाळ्या वाजवत होता. परतीच्या एसटीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला, किंवा झोपल्यासारखा बसला. पुढच्या नाटकाला पदं मागायला गेलो तर म्हणाला, शाळेचं इन्स्पेक्शन आहे. मग कायमच इन्स्पेक्शन राहिलं.

माझं काय चुकलं? बक्षीस लेखनाचं होतं. फॉर्मवर ओळ एकच होती. 'एकच प्याला'ची पदं वि. सी. गुर्जरांची, तरी नाटक गडकऱ्यांचंच म्हणतो ना आपण? न्यूयॉर्कवाल्यांनीही खाती वेगळी केलीच आहेत. संहिता म्हणजे पदाआधीचं वाक्य, आणि ती वाक्यं माझी होती. हे मी तीस वर्षं सांगत आलोय, बायकोला, विद्यार्थ्यांना आणि आता तुला. त्यानंतर मी एकाही स्पर्धेचा फॉर्म भरला नाही. लोकांना ते तत्त्व वाटलं, मी वाटू दिलं.

त्यात एकच अडचण आहे. तिसऱ्या अंकातल्या पदाआधीचं वाक्य, ज्याचं परीक्षकांनी नाव घेऊन कौतुक केलं, ते त्यानं सुचवलेलं. मी चार दिवस अडलो होतो. तो पायपेटीवर बसल्या बसल्या म्हणाला, "अरे, तिला नुसतं कंदिलाची काच पुसू दे आणि म्हणू दे, 'काजळी फार धरते हल्ली.' मी लगेच सूर देतो." मी लिहून घेतलं. माझ्या अक्षरात आहे म्हणून ते माझं झालं.

असो. आता कामाचं. दिग्दर्शक आणखी दोन पदं मागतोय, कारण परीक्षकांना गाणी लागतात म्हणे. लागू देत. पदाआधीचं वाक्य सापडलं तर पद घाल, नाहीतर त्याला माझ्याकडे पाठव, मी बोलतो. दुसऱ्या अंकातलं बाजारातलं पद काढ. चाल छान आहे, मीही दोन दिवस गुणगुणतोय, पण त्याच्या आधी गुळाचे रवे उतरवून घेणारा हमाल "बरं मग" म्हणतो आणि व्यापारी गायला लागतो. "बरं मग" हे वाक्य नाही गं. शेवटचा प्रवेश ठीक आहे, त्याला हात लावू नकोस. पान ३१ वर मार्चमधलं वाक्य परत आण, 'तितंच' आणि 'उठाय' सकट. कुणी भाषा शुद्ध करायला आला तर त्याला गुऱ्हाळावर नेऊन काहिलीपाशी बसव.

आणि मैत्रिणीला विचार, तुझ्या संवादांतलं तिचं काय काय आहे. फोनवर नको, समोर बसून, फाईल उघडून. पेन्सिल तिच्या हातात दे.

फॉर्मची झेरॉक्स पाकिटात आहे. त्या एका ओळीवर मी तुमची दोघींची नावं लिहून बघितली. बारीक अक्षर काढलं की मावतात.

तुझा,
सर