‘धनदांडगे’ कुणाला म्हणावे?

प्रश्न : गावच्या साहित्य संमेलनाच्या वर्गणीपत्रकात ‘गावातील धनदांडग्यांनी सढळ हाताने मदत करावी’ असे छापले गेले. ज्येष्ठ मंडळी नाराज झाली. शब्द खरोखर वाईट आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : हो, आणि नाराजी रास्त आहे. धनदांडगा म्हणजे पैशाच्या जोरावर दांडगाई करणारा : गायरान अडवणारा, पाटाचे पाणी आपल्याच उसाकडे वळवणारा, कायदा दुसऱ्यांसाठी आहे असे धरून चालणारा. घोटाळा होतो तो ‘दांडगा’मुळे. दांडगा अनुभव, दांडगा व्यासंग, दांडगी स्मरणशक्ती, इथे हा शब्द कौतुकाचा आहे, कारण तो गुणाचा आवाका सांगतो. पण एखाद्याच्या वागण्याला दांडगे म्हटले की त्यात अरेरावी येते. मागे ‘धन’ लागले की हाच अर्थ उरतो.

वापरण्याआधी त्या जागी ‘श्रीमंत’ घालून पाहा. ‘धनदांडग्यांनी तळ्याची जागा बळकावली’ यात ‘श्रीमंतांनी’ लिहिले तर आरोपाची धार जाते. म्हणजे धनदांडगे तिथे हवेच. ‘मुलीला धनदांडगे सासर मिळाले’ यात मात्र नुसती संपत्ती सांगायची असेल तर ‘धनाढ्य’ किंवा ‘सधन’ लिहा. वर्गणीपत्रकात ‘दानशूर ग्रामस्थांनी’ पुरेसे होते. बातमीत एखाद्याचे नाव घेऊन त्याला धनदांडगा म्हणणे तर टाळाच. त्याने काय केले ते लिहा, विशेषण वाचक स्वतः लावतील.

लिहिताना हा एकच शब्द, मध्ये जागा सोडू नये. सामान्यरूप ‘धनदांडग्या-’, अनेकवचनी ‘धनदांडग्यांनी, धनदांडग्यांचे’, ‘धनदांडगेंनी’ चूक. ‘धनाढ्य’मध्ये ‘ढ्य’ आहे, कारण संस्कृत ‘आढ्य’ म्हणजे संपन्न. ‘लक्षाधीश’च्या चालीवर ‘कोट्याधीश’ सर्रास लिहितात, पण कोटि + अधीश यांचा संधी ‘कोट्यधीश’ होतो.

प्रश्न : कन्नड बातमीतल्या ‘साहुकार’चे मराठीत ‘सावकार’ करावे का?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : डोळे झाकून करू नये. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, पण कन्नडात साहुकाराचा पसारा मोठा आहे : धनवंत, मोठा जमीनदार, दुकानाचा मालक, तालुक्याच्या राजकारणातला वजनदार माणूस. गोकाक-अथणीकडे ती आदराची हाकही आहे. आजच्या मराठीत सावकार म्हटले की व्याजाने पैसे देणारा डोळ्यांपुढे येतो. हा व्यवसाय कायद्याने बांधलेला आहे, कर्नाटकात १९६१ च्या आणि महाराष्ट्रात २०१४ च्या अधिनियमाने. त्यामुळे एखाद्या पुढाऱ्याला भाषांतरात सावकार म्हटले, तर तो न करत असलेला धंदा आपण त्याच्या माथी मारतो. लोक त्याला त्या नावाने हाक मारत असतील तर ‘साहुकार’ अवतरणचिन्हांत तसाच ठेवा. नुसते वर्णन असेल तर ‘बडे बागायतदार’, ‘मोठे व्यापारी’, जे असेल ते लिहा. कन्नड ‘धणी’चेही असेच. तिथे तो मालक, जमीनदार. मराठीत ‘धनी’ मालक आहेच, पण बाईच्या तोंडी नवराही होतो.

प्रश्न : ‘तीन बडे धेंड अडकले’ हा मथळा बरोबर आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. धेंड नपुंसकलिंगी आहे. एक असेल तर ‘बडे धेंड अडकले’, तीन असतील तर ‘तीन बडी धेंडे अडकली’. हाही शब्द हेटाळणीचाच. वजनदार माणसाचा मान राखून उल्लेख करायचा असेल तर ‘मातब्बर’ आहे. तो अरबीतून आला, मूळ अर्थ विश्वासपात्र, आणि त्या विश्वासाची छटा मराठीत अजून शिल्लक आहे. म्हणून घोटाळ्याच्या बातमीत ‘मातब्बर’ शोभत नाही. तिथे ‘धेंडे’च ठेवा, फक्त क्रियापद ‘अडकली’ करा.