वाचकांचे प्रश्न : वाळवंटी उन्हात डांबरी ड्राइव्हवे

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गेटपासून पोर्चपर्यंत डांबरीकरण करायचं आहे, पण ते वितळेल असं सगळे सांगतात. खरंच टिकेल का?

उत्तर : टिकतं, पण मिक्स, म्हणजे खडी आणि बिटुमेनचं मिश्रण, कसलं आहे यावर ते अवलंबून आहे. हवा ४५ अंशांवर असते तेव्हा काळा पृष्ठभाग ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो. रस्त्याचं साधं बिटुमेन (खडीला धरून ठेवणारा काळा, चिकट पदार्थ) ५० अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं. म्हणजे दुपारभर ते मऊच असणार, हे गृहीत धरूनच काम करायचं. त्या वेळी गाडीचं वजन मुख्यतः खडीचे एकमेकांत अडकलेले दाणे पेलतात. म्हणून खडी क्रशरची, फोडलेली आणि कोनदार हवी, गोल गोटे चालणार नाहीत. बारीक मालासाठी आसपासची वाळू फुकट मिळते म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. वाऱ्यानं घासून घासून टेकड्यांवरच्या वाळूचे दाणे गोल आणि एकाच मापाचे झालेले असतात. असलं मिक्स चाकाखाली सरकतं. त्याऐवजी क्रशरची कच, म्हणजे खडी फोडताना निघणारा बारीक चुरा, घाला.

बिटुमेन कडक ग्रेडचं मागा : व्हीजी (व्हिस्कॉसिटी ग्रेड, म्हणजे घट्टपणावरून) पद्धतीत व्हीजी-४०, पीजी (परफॉर्मन्स ग्रेड, म्हणजे सोसायच्या तापमानावरून) पद्धतीत ७० किंवा ७६ अंशांचं. मिक्सच्या वजनात ते ५ ते साडेपाच टक्के पुरतं. ‘जास्त डांबर म्हणजे जास्त मजबूत’ हा समज उष्ण प्रदेशात सगळ्यांत महाग पडतो. दाबलेल्या थरात ४ ते ७ टक्के हवेची पोकळी राहायलाच हवी. ती ३ टक्क्यांच्या खाली गेली की उन्हात फुगणाऱ्या बिटुमेनला जागा उरत नाही. मग ते वर येतं, पृष्ठभाग चकाकतो आणि टायरला चिकटतो.

प्रश्न : जागा ४ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब आहे, जमीन वाळूची आहे. खालचा पाया किती करायचा? माल किती लागेल?

उत्तर : डांबराइतकंच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष पायाकडे द्या. आधी वरची भुसभुशीत माती-वाळू सुमारे २० सेंटिमीटर काढा. तळाला भरपूर पाणी मारून तो दाबून घ्या. कोरडी वाळू कितीही कुटली तरी दाणे पुन्हा मोकळे होतात. वाळू फार बारीक असेल तर तळावर जिओटेक्स्टाइल (जमिनीत अंथरायचं मजबूत कृत्रिम कापड) अंथरा, नाहीतर खडी हळूहळू वाळूत रुतत जाते.

त्यावर ४० मिलिमीटरपासून कचीपर्यंत सगळ्या मापांची मिसळलेली खडी, दाबून १५ सेंटिमीटर भरेल इतकी टाका. पाण्याचे टँकर किंवा मालाचे ट्रक आत येणार असतील तर २० सेंटिमीटर करा. पूर्ण जाडी एकदम टाकू नका. प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्यानं माल दाबणारं छोटं यंत्र) असेल तर ७-८ सेंटिमीटरचे दोन थर करा. माल मुठीत दाबला की गोळा टिकावा, पण तळव्याला पाणी लागू नये, इतपत ओल हवी. वाळवंटात चूक नेमकी इथे होते. सकाळी पाणी मारलं आणि रोलर दुपारी आला, तर मधल्या वेळात ओल उडालेली असते. वरून थर घट्ट दिसतो आणि वर्षभरात चाकोरी पडते. जेवढा पट्टा लगेच दाबता येईल तेवढाच भिजवा.

पाणी गोडं वापरा. खाऱ्या बोअरचं पाणी पायाच्या थरात गेलं, की वरच्या उष्णतेनं ओल वर ओढली जाते आणि पातळ डांबरी थराखाली मिठाचे स्फटिक साचतात. थराला फोड येतात, ते फुटतात, आणि दोष मात्र डांबराला दिला जातो.

पाया डांबराच्या दोन्ही कडांबाहेर १५-१५ सेंटिमीटर असू द्या. तुमच्या मापाला दाबलेला माल सुमारे ९.७ घनमीटर, म्हणजे सुटा साधारण साडेबारा घनमीटर लागेल. डांबरी थर दाबून ५० मिलिमीटर धरला तर ३ घनमीटर भरतो. घनमीटरला २.३५ टन या हिशेबानं ७ टन होतात, नासधूस धरून साडेसात मागवा. उतार घरापासून दूर, मीटरला २ सेंटिमीटर ठेवा. पाऊस क्वचितच पडतो म्हणून उतार सोडून देऊ नका, वाळवंटातला पाऊस पडतो तेव्हा धो-धो पडतो.

प्रश्न : डांबर टाकायच्या दिवशी स्वतः उभं राहून काय काय पाहावं?

उत्तर : आदल्या दिवशी पायावरची धूळ झाडून, हलकं पाणी शिंपडून प्राइम कोट (पायात मुरून डांबराला धरून ठेवणारा पातळ बिटुमेनचा हात) मारलेला असावा, चौरस मीटरला पाऊण ते एक किलो. तो मुरायला २४ तास द्या. तेवढ्यात वाऱ्यानं वाळू येऊन बसली तर पुन्हा झाडायला लावा, नाहीतर डांबर पायाला धरत नाही.

मिक्स साधारण १५० अंशांवर यावं. हातात धरायचा थर्मामीटर सोबत ठेवा. सुटा थर ६२ ते ६५ मिलिमीटर पसरला की दाबून ५० होतो. रोलिंग ९० अंशांच्या वर असतानाच संपवायचं. थंड प्रदेशात ही घाई असते. इथे अडचण उलटी आहे : खालचा पाया आणि हवा दोन्ही तापलेली असल्यानं थर लवकर निवत नाही. रोलरपुढे मिक्स ढकललं जाऊ लागलं किंवा केसासारख्या आडव्या भेगा दिसल्या, तर रोलर थांबवा आणि थोडं निवू द्या. शक्यतो हिवाळ्यात, पहाटेच काम सुरू करा.

एका गोष्टीवर कडक नजर ठेवा. माल चिकटू नये म्हणून मजूर रोलरला आणि फावड्यांना डिझेल लावतात. डिझेल बिटुमेनला विरघळवतं आणि जिथे थेंब पडले तिथेच पुढे खडी सुटते. साबणाचं पाणी पुरतं.

कडा ४५ अंशांत ठोकून घ्या आणि बाहेरून मुरूम दाबून भरा. आधार नसलेली कड गाडीचं चाक गेलं की तुटते.

प्रश्न : गाडी कधी आत घ्यायची?

उत्तर : हिवाळ्यात तीन दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्यानं. पहिलं वर्षभर उभ्या गाडीचं स्टीअरिंग वळवू नका, गाडी किंचित हलवत वळवा. दुचाकीचा स्टँड आणि जॅक यांच्याखाली प्लायवुडचा तुकडा ठेवा.

प्रश्न : कंत्राटदार काम झाल्या झाल्या सीलकोट (वरचा पातळ संरक्षक लेप) मारू म्हणतो, आणि पुढे दर वर्षी. योग्य आहे का?

उत्तर : दोन्ही नको. नव्या थरातले हलके तेलांश उडून तो कडक व्हायला वेळ लागतो. सीलकोट लगेच मारला तर तो मऊच राहतो. सहा महिने ते वर्षभर थांबा. पुढे दर वर्षी थर चढवत गेलात तर जाड पापुद्रा तयार होतो आणि तोच तडकून सोलतो. उन्हामुळे बिटुमेन ऑक्सिडाइज होऊन ठिसूळ होतं, म्हणून सील लागतो हे खरं, पण दोन-तीन वर्षांनी. कधी मारायचा ते हातानं तपासा : रंग राखाडी झाला असेल आणि तळवा घासल्यावर कच सुटून हाताला लागत असेल, तर वेळ झाली.

इमल्शनवालाच, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या बिटुमेनचा, घ्या. कोलटारच्या सीलमध्ये कर्करोगकारक संयुगं असतात. एका हाताला चौरस मीटरला ०.४ ते ०.५ लिटर लागतो, दोन पातळ हात द्या. तुमच्या ६० चौरस मीटरना ५० ते ६० लिटर होईल. हवा ३५ अंशांवर गेली की काम थांबवा, कारण वरची साय पटकन वाळते आणि पाणी आत अडकतं. तापलेला पृष्ठभाग आधी ओला करा, पण पाणी साचू देऊ नका. तेलाचे डाग असतील तर आधी डिटर्जंटनं घासून काढा आणि ऑइल-स्पॉट प्रायमर लावा. डागावर सील धरत नाही.

प्रश्न : चार वर्षांत भेगा पडल्या. काही मोठ्या चौकोनी आहेत, एका कोपऱ्यात मात्र बारीक जाळी आहे. सगळ्यांवर एकच फिलर चालेल?

उत्तर : नाही. मोठे चौकोन म्हणजे बिटुमेन म्हातारं झालंय आणि दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक त्याला झेपत नाही. अशा ६ मिलिमीटरहून रुंद भेगा ब्लोअरनं पूर्ण साफ करा आणि हिवाळ्यात, त्या उघडलेल्या असताना, रबर मिसळलेला गरम फिलर भरा. उष्ण प्रदेशासाठीचा, उच्च सॉफ्टनिंग पॉइंटचाच (जास्त तापमानाला मऊ पडणारा) मागा, आणि तो पृष्ठभागाच्या २-३ मिलिमीटर खालीच ठेवा. काठोकाठ भरला तर उन्हाळ्यात टायर तो उपटून नेतात. वरून कोरडी कच भुरभुरवा.

जाळी पडली तिथे पाया बसलाय. फिलर ओतून उपयोग नाही. जाळीच्या बाहेर ३० सेंटिमीटरपर्यंत चौकोन कटरनं कापा, डांबर आणि सैल पाया दोन्ही काढा. बाजूला गळका नळ किंवा ठिबकची नळी आहे का ते पाहा. वाळवंटातल्या अंगणात पाया बहुधा अशाच पाण्यानं खचतो. गळती बंद करून नवा पाया थरांत दाबा, कापलेल्या उभ्या कडांना टॅक कोट (जुनं-नवं डांबर चिकटवणारा बिटुमेनचा पातळ हात) लावा आणि हॉट मिक्स (गरम डांबरी माल) भरा. प्लेट कॉम्पॅक्टर कडेकडून मध्याकडे चालवा. पॅच दाबून झाल्यावर आजूबाजूपेक्षा ३ मिलिमीटर वर असू द्या, गाड्या फिरल्या की तो थोडा बसतो.